लोणावळ्याचं त्रैमासिक आणि त्याचा संपादक

आमच्या मावळ तालुक्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मधल्या सुटीत वाद पेटला होता. कारण अगदी साधं होतं. एका शाळेच्या व्हरांड्यात फलक होता, ‘प्राणायामामुळे शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो.’ सातवीतल्या एका मुलीनं तो वाचून बाईंना विचारलं, “भरपूर म्हणजे किती, बाई?” बाईंना काही सांगता आलं नाही. त्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला आणि चहा थंड होईपर्यंत आम्ही भांडलो. निम्म्यांचं म्हणणं, इतक्या जुन्या परंपरेत सांगितलंय ते खोटं कसं असेल? उरलेल्यांचं म्हणणं, ही सगळी थापेबाजी आहे, फलक काढून टाका. ‘मोजून पाहिलंय का कुणी?’ असं मात्र आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

मोजून पाहिलं होतं. तेही आमच्याच तालुक्यात, लोणावळ्यात, नव्वदेक वर्षांपूर्वी. आणि ज्यानं मोजलं त्यानं आकडे एका त्रैमासिकात छापलेही होते. या त्रैमासिकाचं नाव ‘योगमीमांसा’ आणि त्याचे संस्थापक-संपादक स्वामी कुवलयानंद. त्यांना आज आपण ओळखतो ते योगाचार्य म्हणून. कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचा फोटो भिंतीवर असतो. पण मला त्यांची ओळख करून द्यायची आहे ती नियतकालिकाचे संपादक आणि लेखक म्हणून, कारण आपल्यासारख्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांना त्यांच्यातला संपादकच जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं.

अमळनेरचे गुणे मास्तर

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोद्याजवळच्या डभोई गावी. घरची भाषा मराठी, गाव गुजरातमधलं. १९०३ साली मॅट्रिक झाले तेव्हा संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. बडोदा कॉलेजातून ते १९१० साली पदवीधर झाले. ही वर्षं कशी होती ते आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीतच आहे. वंगभंग, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण. बडोद्यात अरविंद घोष होते, पुण्यात टिळक होते. गुणे यांनी लग्न न करता देशकार्याला वाहून घ्यायचं ठरवलं.

बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा होती. तिथे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी मल्लखांब, लाठी, कुस्ती हे सगळं केलं. म्हणजे योगाकडे ते वळले ते आधी शरीर कमावून आणि संस्कृत शिकून. हे दोन्ही पुढे कामाला आलं.

पदवीनंतर ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी शिकवलं आणि असहकाराच्या दिवसांत तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचं प्राचार्यपदही सांभाळलं. १९२३ मध्ये हे महाविद्यालय बंद पडलं. (पुढच्याच वर्षी त्याच गावात साने गुरुजी शिक्षक म्हणून आले आणि त्यांनीही ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक काढलं. अमळनेरच्या मास्तरांना नियतकालिकांचा नाद असावा!)

याच काळात, १९१९ साली, गुणे यांची गाठ परमहंस माधवदास यांच्याशी पडली. माधवदास मूळचे बंगाली, नर्मदेच्या काठी मालसरला राहत. ते हठयोग शिकवत. त्यांचे दुसरे एक शिष्य म्हणजे मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र. माधवदास १९२१ मध्ये वारले. गुणे यांना त्यांचा सहवास मिळाला तो जेमतेम दोन वर्षांचा.

नौली, नळी आणि पारा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

हठयोगात ‘बस्ती’ नावाची क्रिया आहे. हठप्रदीपिकेत तिचं वर्णन आहे. बेंबीएवढ्या पाण्यात उकिडवं बसायचं, गुदद्वारात बांबूची नळी घालायची आणि पाणी आत ओढून घेऊन मोठं आतडं धुवायचं. दवाखान्यातला एनिमा आपण पाहिला आहे. तिथे पाण्याचं भांडं वर टांगावं लागतं, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनानं खाली येतं. योग्याजवळ ना भांडं, ना पंप. मग पाणी वर कसं चढतं?

याला परंपरेचं उत्तर होतं, ‘साधनेच्या सामर्थ्यानं.’ डॉक्टरांचं उत्तर असे, ‘चढतच नसेल.’ गुणे यांनी दोन्ही उत्तरं बाजूला ठेवली. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, आपल्याच काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, त्यांनी उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची तपासणी सुरू केली. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा पंचवीसच वर्षं झाली होती. क्ष-किरणांना अडवणारं मिश्रण पोटात असलं की आतड्यांची सावली उमटते. त्यामुळे क्रिया चालू असताना आत काय हलतं ते बाहेरून दिसू शकतं. आणि आतला दाब मोजायला साधा दाबमापक, म्हणजे पारा भरलेली काचेची वाकडी नळी.

उड्डियानात काय करतात ते आधी पाहू. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. मग घसा बंद करून श्वास आत घेतल्यासारखं नुसतं करायचं. बरगड्या वर उचलल्या जातात पण हवा आत येत नाही. छातीची पोकळी वाढते, आतली हवा तेवढीच. बॉइलचा नियम आपल्याला माहीतच आहे, आकारमान वाढलं की दाब कमी. मग पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, वर खेचला जातो आणि पोट खपाटीला जातं. नौलीत याच्यापुढची पायरी असते. पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू आवळून खांबासारखे पुढे काढतात. पोटाच्या पोकळीला आणखी जागा मिळते आणि तिथला दाब आणखी उतरतो.

नळीतल्या पाऱ्यानं हेच दाखवलं. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला होता. म्हणजे पाणी वर ‘चढत’ नव्हतं, बाहेरची हवा त्याला आत ढकलत होती. आपण नळीनं शहाळ्याचं पाणी पितो तेव्हा जे होतं, तेच. या कमी दाबाला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास निर्वात’ असं नाव दिलं. नाव भक्तीचं होतं, पुरावा मात्र पाऱ्याचा.

वर्गात हे दाखवायला पारा लागत नाही, आणि तो वापरूही नये, विषारी असतो. पारदर्शक प्लॅस्टिकची दीड-दोन मीटर नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधा, अर्धी भरेल एवढं रंगीत पाणी घाला. एका तोंडाशी हलकेच ओढून बघा. दोन बाजूंच्या पातळीत किती फरक पडला ते मुलांना मोजू द्या. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, म्हणून पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे पाण्याचे १३.६ मिलिमीटर. ‘पाऱ्याचे इतके मिलिमीटर’ या शब्दांचा अर्थ मुलांना त्या नळीतून जेवढा कळतो, तेवढा फळ्यावरून कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

मासिक का काढलं?

प्रयोग झाले. आता ते सांगायचे कुणाला? त्या काळी योगावर बोलणारे दोन प्रकारचे लोक होते. एक आश्रमातले. त्यांना प्रयोगाची गरज वाटत नव्हती. दुसरे वैद्यकातले. त्यांच्या नियतकालिकांत नौलीवरचा लेख छापून येणं अवघड होतं. गुणे यांनी स्वतःचंच नियतकालिक काढलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास ‘योगमीमांसा’ सुरू झालं. संपादक, मुख्य प्रयोगकर्ता आणि बहुतेक मजकुराचा लेखक एकच, स्वामी कुवलयानंद.

लोणावळाच का, याचं उत्तर नकाशा पाहिला की मिळतं. बोरघाटाच्या माथ्यावरचं गाव, हवा थंड, आणि मुंबई-पुणे रेल्वे दारात. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाल्यापासून मुंबईचा पैसेवाला माणूस इथे हवापालटाला येतच होता. टाटांच्या धरणांचं पाणी खोपोलीच्या वीजघरावर पडायला लागूनही १९२४ साली नऊ वर्षं झाली होती. मावळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले आणि भातखाचरं येतात, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधुनिक तंत्रज्ञान ज्या भागात आधी आणि जोरानं घुसलं त्यांतला हा एक. शेजारच्या मुळशीत तर धरणाविरुद्धचा सत्याग्रह नुकताच विझत होता. या गोष्टी एकमेकींना जोडायचा मोह मी आवरतो, पण एकाच परिसरात, एकाच काळात हे सगळं चाललं होतं एवढं लक्षात असू द्यावं.

‘योगमीमांसे’ची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची मांडणी. अंकाचे विभाग पाडलेले असत. एक शास्त्रीय विभाग, त्यात प्रयोग, पद्धत, आकडे, छायाचित्रं. दुसरा अर्धशास्त्रीय विभाग, त्यात शरीरशास्त्राच्या आधारानं केलेली चर्चा, जी अजून प्रयोगानं पक्की झालेली नाही. तिसरा सर्वसामान्य वाचकांसाठी, आसनं कशी करावीत हे सांगणारा. आणि शेवटी संकीर्ण. म्हणजे वाचकाला पान उघडताक्षणीच कळावं की हे मोजलेलं आहे, हे तर्कानं सांगितलेलं आहे आणि हे सवयीनं, अनुभवानं सांगितलेलं आहे. आपल्या आजच्या आरोग्यपुरवण्यांत हे तिन्ही एकाच परिच्छेदात कालवलेलं असतं.

त्यांच्या हयातीत हे त्रैमासिक काही अखंड चाललं नाही. पहिला खंड १९२४ चा, त्यापुढचे खंड दोन-दोन वर्षांनी, मग आणखी अंतर पडत गेलं. तिसाव्या दशकाच्या मध्यानंतर तर ते दीर्घकाळ बंदच राहिलं. १९५६ मध्ये पुन्हा सुरू झालं. ज्यांनी शाळेचं हस्तलिखितसुद्धा वर्षभर चालवून पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रयोग करणारा, लिहिणारा आणि देणग्या मिळवणारा माणूस एकच असला की अंक मागे पडणारच.

आणखी एक खंत आहे. अंक इंग्रजीत निघे. कारण उघड आहे. त्यांना गाठायचे होते ते डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि परदेशातले अभ्यासक. ते गाठलेही. पण लोणावळ्याच्या आसपासच्या गावांत शाळा चालवणाऱ्या मास्तरांच्या हाती तो अंक पडला असता तरी काय उपयोग झाला असता? जे आमच्या तालुक्यात मोजलं गेलं ते आम्हालाच माहीत नव्हतं, याचं एक कारण हे असावं.

ऑक्सिजनचा हिशेब

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

१९२०-३० च्या काळात पाश्चात्त्य व्यायामाच्या पुस्तकांत दीर्घ श्वसनाचं मोठं कौतुक असे. खोल श्वास घ्या, ऑक्सिजन जास्त मिळेल, रक्त शुद्ध होईल. आपल्याकडच्या लोकांनी लगेच म्हटलं, आमच्या प्राणायामात हेच तर आहे! परदेशातल्या कल्पनेचा शिक्का मिळाला की आपली परंपरा खरी ठरली, असं वाटण्याची खोड जुनीच आहे.

कुवलयानंदांना हे पटलं नाही. त्यांनी प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन शोषतं आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं ते मोजायला घेतलं. अशी मोजणी करताना सोडलेली हवा गोळा करून तिचं पृथक्करण करतात. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन किती असतो ते माहीतच असतं, वजाबाकी केली की शोषलेला ऑक्सिजन मिळतो. १९३० नंतरच्या चौथ्या खंडात त्यांनी हे काम छापलं. निष्कर्ष त्यांच्या बाजूच्या लोकांना आवडण्याजोगा नव्हता. प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जातो, असं त्यांना आढळलं नाही. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनमध्ये नाही, ते असेल तर दाबाच्या फरकांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधायला हवं, असं त्यांनी ‘प्राणायाम’ या पुस्तकातही स्पष्ट लिहिलं.

असं का होत असावं ते आपल्याला साध्या आकडेमोडीनं पडताळता येतं. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला बारा श्वास धरले तर ६ लिटर. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, सोडलेल्या हवेत तो सुमारे १७ टक्के असतो. म्हणजे आपण चारच टक्के वापरतो, मिनिटाला साधारण २४० मिलिलिटर. बाकीचा ऑक्सिजन परत बाहेर! आत येणारा ऑक्सिजन मुळात कमी पडतच नसतो. रक्ताचंही तेच. २०२० च्या साथीत घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. निरोगी माणसाचा आकडा ९७-९८ दाखवे. शंभरातले अठ्ठ्याण्णव डबे भरलेलेच असतील तर जोरजोरात श्वास घेऊन भरणार कुठे? शरीर ऑक्सिजन घेतं ते गरजेप्रमाणे, पुरवठ्याप्रमाणे नाही. धावलात तर गरज वाढते आणि जास्त घेतलाही जातो.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण विज्ञानात ती सहसा इतक्या लवकर संपत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकणारे कोवूर टी. बेहनन हे केरळातले अभ्यासक त्याच सुमारास लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांकडे योग शिकले. परत जाऊन त्यांनी स्वतःवर मोजमापं केली आणि १९३७ मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा खप साध्या श्वसनापेक्षा सुमारे २४.५ टक्के वाढलेला आढळला. भस्रिकेत १८.५ टक्के, कपालभातीत १२ टक्के. शिवाय प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरीज-वजाबाकीसारख्या मानसिक चाचण्यांत त्यांचा वेग मंदावला होता.

गुरूचा आकडा एक सांगतो, शिष्याचा दुसरा. मग खरं कोण? माझं मत असं. बेहनन यांचा आकडा खरा धरला तरी त्यानं फलक खरा ठरत नाही. प्रयत्नपूर्वक श्वास घेताना छातीचे, पोटाचे स्नायू काम करतात, कामाला ऑक्सिजन लागतो, म्हणून खप वाढतो. जिना चढतानाही वाढतो. तो मिळालेला ‘लाभ’ नसून झालेला ‘खर्च’ आहे. आणि श्वास किती वेळ रोखला, किती जोरानं सोडला, यावर आकडा बदलणार. प्रशिक्षणात आमचे दोन्ही गट चुकले होते ते इथे. ‘प्राणायाम’ हा एकच शब्द धरून आम्ही भांडत होतो, आणि त्या एका शब्दाखाली चार वेगळ्या क्रिया होत्या.

बेहनन यांना लोणावळ्याला येता आलं, शिकता आलं आणि मग शिकवणाऱ्याच्या आकड्याहून वेगळा आकडा छापता आला, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

जिथे संपादक हुकला

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख भिंतीवरच्या फोटोसारखा होईल.

१९३१ च्या सुमारास कुवलयानंदांची ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तकं आली. ती खूप वाचली गेली, अजूनही वाचली जातात. ‘आसन’ या पुस्तकात सर्वांगासनाची मोठी तरफदारी आहे. या आसनात मानेजवळच्या थायरॉइड ग्रंथीला रक्ताचा पुरवठा वाढतो आणि तिचं काम सुधारतं, असं ते सांगतात. त्या काळी अंतःस्रावी ग्रंथी हा शरीरशास्त्रातला नवा, चमकदार विषय होता, त्यामुळे मोह होणं समजू शकतं. पण हे म्हणणं नळी आणि पारा लावून तपासलेलं नव्हतं. त्रैमासिकाच्या भाषेत सांगायचं तर ते ‘अर्धशास्त्रीय’ विभागातलं होतं. पुस्तकात मात्र विभागांची ती कुंपणं उरली नाहीत आणि तर्क सिद्धांतासारखा पसरला. आज कुठल्याही योगवर्गात ‘सर्वांगासन थायरॉइडसाठी’ हे वाक्य ऐकायला मिळतं.

प्रयोगांतही उणिवा होत्या. माणसं थोडी, तीही आपलेच शिष्य. तुलनेसाठी वेगळा गट नाही. मोजणारा माणूसच क्रियेवर श्रद्धा ठेवणारा. नौलीतला दाब मोजायला हे चालतं, कारण पारा कुणाची श्रद्धा पाहत नाही. पण ‘या आसनानं अमुक रोग बरा होतो’ असं म्हणायला हे पुरत नाही. हा फरक त्यांना कळत नव्हता असं नाही, पण संस्था चालवताना तो प्रत्येक वेळी पाळणं कठीण गेलं असावं. रुग्ण येत होते, मोठी माणसं येत होती. १९२७ मध्ये गांधीजी रक्तदाब वाढून आजारी पडले तेव्हा त्यांचा आणि कुवलयानंदांचा आसनांबद्दल पत्रव्यवहार झाला. १९३६ पासून मुंबईत मरीन ड्राइव्हला संस्थेचं आरोग्य केंद्र सुरू झालं. इतक्या लोकांना उत्तरं हवी असतात तेव्हा ‘अजून मोजलेलं नाही’ हे उत्तर देणं सोपं नसतं. आपल्यालाही वर्गात ते सोपं जात नाही.

शाळांशी त्यांचा संबंध आला तो १९३७ मध्ये. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि शारीरिक शिक्षणासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली ती याच हालचालींतून. ‘यौगिक संघव्यायाम’ हे त्यांचं पुस्तकही शाळांसाठीच होतं. त्यात आसनं कवायतीसारखी, हुकमावर, रांगेत करायची आहेत. २०१५ पासून दर २१ जूनला आपण मैदानावर जे करवून घेतो त्याचं मूळ शोधायला पतंजलीपर्यंत जायला हवंच असं नाही. बराचसा भाग या पुस्तकाच्या काळात सापडतो.

खड्ड्यातली हवा

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद वारले. नियतकालिक थांबलं नाही, ते आजही निघतं. त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी केलेल्या एका कामाचं वर्णन केल्याशिवाय राहवत नाही.

जत्रेत किंवा गावच्या मैदानात ‘भूगर्भ समाधी’ घेणारे बुवा जुन्या पिढीनं पाहिले असतील. खड्ड्यात बसायचं, वरून फळ्या आणि माती टाकायची, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी जिवंत बाहेर यायचं. लोक नाणी टाकतात, नमस्कार करतात. लोणावळ्याच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे या अभ्यासकांनी हवाबंद खड्डा तयार करून त्यात माणसं बसवली. योगाभ्यास केलेली आणि न केलेलीही. आतल्या हवेचे नमुने घेऊन ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजत राहिले. हे काम १९६७-६८ मध्ये ‘योगमीमांसे’त आणि वैद्यकीय संशोधनाच्या भारतीय नियतकालिकात छापलं गेलं. कळीचा मुद्दा निघाला तो साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. तो एका मर्यादेपलीकडे गेला की माणसाला आत थांबवत नाही. सरावानं ही मर्यादा थोडी पुढे ढकलता येत असेल, ऑक्सिजनचा खप थोडा कमी करता येत असेल. पण पूर्ण हवाबंद खड्ड्यात अमर्याद काळ राहता येत नाही, आणि ज्याला राहता येतं त्याच्या खड्ड्यात मातीतून हवा येत असते.

प्रशिक्षणानंतर त्या बाईंनी आपल्या वर्गाला एक गणित घातलं, ते त्यांनी मला नंतर दाखवलं. खड्डा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल. आकारमान साडेचार घनमीटर, म्हणजे ४५०० लिटर. आत बसलेल्या माणसाचे ७० लिटर वजा केले तर हवा उरली ४४३० लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तासाला १२ लिटर. हवेत त्याचं प्रमाण ५ टक्के झालं की दम लागून जीव कासावीस होतो असं धरू. ४४३० चे ५ टक्के म्हणजे साधारण २२१ लिटर. २२१ ला १२ नं भागा.

उत्तर आलं, अठरा तास आणि वर थोडी मिनिटं. फलकावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीनंच ते आधी काढलं आणि लगेच पुढचं विचारलं, “बुवा झोपला तर किती तास?”